धागा जाळून पाहणाऱ्या बाई

बाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या. आधी त्याच्या अंगावरचं कापड अंगठा आणि तर्जनीत धरायच्या, दोनदा चोळायच्या आणि मग म्हणायच्या, "हं. बस." मी अठराव्या वर्षी शिवणवर्गात नाव घालायला गेले, तेव्हा माझ्या ब्लाऊजची बाहीही अशीच धरली गेली. "रुबिया," त्या म्हणाल्या. मला वाटलं, यांना माझं नाव चुकीचं कळलं. म्हणून मी माझं खरं नाव सांगितलं. त्यांनी ते हजेरीच्या वहीत लिहिलं आणि वहीतच राहू दिलं. त्या होत्या तोवर मी त्यांच्यासाठी रुबियाच राहिले. माझ्या तुकडीत एक पॉपलिन होती, एक छींट होती, आणि एक उंच गोरी मुलगी होती, तिला बाईंनी पहिल्याच दिवशी "नायलॉन" म्हटलं म्हणून ती रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती सुती साडी नेसून आली, पण नाव काही बदललं नाही.

वर्ग नागपुरात सक्करदऱ्याला होता, तलावापासून हाकेच्या अंतरावर. एका महिला संस्थेच्या दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात दोन मोठे हौद आणि एक कडुनिंब. मशिनी सात, त्यातल्या दोन कायम आजारी. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. इतवारीच्या दुकानांत टेरिलीन, टेरिकॉटचे तागे येऊन पडले होते, आणि ज्याच्या अंगावर टेरिकॉट तो मोठा माणूस, असे दिवस होते. माझे बाबा कापडगिरणीत कामाला होते. गिरणीचं काही खरं नाही, पोरीच्या हातात हुन्नर पाहिजे, असं म्हणून त्यांनी मला तिथे घातलं. मला वाटलं होतं, आठ दिवसांत झंपर शिवीन, महिन्याभरात फ्रॉक.

पहिला महिना बाईंनी मशीनला हात लावू दिला नाही.

त्या आम्हाला डोळे मिटायला लावायच्या आणि हातात चिंध्या द्यायच्या. "सांग." मांजरपाट, लट्ठा, वॉयल, कोसा, टेरिकॉट, रेयॉन. डोळे उघडे ठेवून ओळखणं त्यांना मंजूर नव्हतं. "डोळा रंगाले भुलते," त्या म्हणायच्या. "बोट भुलत नाही." बोटाला कळलं नाही तर कानाशी धरून चुरगळायचं. आणि तेही जमलं नाही तर शेवटचा उपाय म्हणजे काडी.

बाईंच्या कमरेला एक बटवा असायचा. त्यात सुया, पांढरा दोरा, बोटात घालायचं पितळी टोपण आणि एक काडीपेटी. या काडीपेटीपायी मोहल्ल्यात काही लोक त्या बिडी ओढतात असंच समजून होते. बाईंच्या कानावर ते आलं होतं, पण त्यांनी कधी खुलासा केला नाही. कापडाचा एक धागा ओढायचा, सुईच्या टोकावर धरायचा, काडी लावायची आणि नाक पुढे करायचं. कागद जळल्यासारखा वास आला आणि राखाडी राख झाली, तर सूत नाहीतर रेयॉन. केस जळल्यासारखा वास आला आणि काळी राख बोटांत चुरली, तर रेशीम किंवा लोकर. वितळून कडक मणी झाला, तर नायलॉन किंवा टेरिलीन. पहिल्या आठवड्यात एवढं पाठ झालं. पुढे आम्ही घराघरांत चादरींचे, पडद्यांचे, बापाच्या धोतराचे धागे जाळत सुटलो आणि आयांच्या शिव्या खाल्ल्या.

शिवलेलं काही दाखवायला नेलं की त्या आधी ते उलटं करायच्या. समोरून कसं दिसतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आतल्या शिवणी, दुमडलेल्या कडा, गळ्याच्या पट्टीचं तोंड, काजाचे टाके, एवढंच त्या बघायच्या. मनासारखं नसलं की एकच शब्द: "उसव." राग नाही, ओरडणं नाही. मी पहिला ब्लाऊज अकरा वेळा उसवला. बाराव्या वेळी त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला, आणि काहीच न बोलता माझ्या हातात दिला. माझे डोळे भरून आले. त्यांनी विचारलं, "काहून रडून राहिली वं? काही टोचलं का?"

बाईंबद्दल मला फार माहीत नव्हतं. त्यांचं माहेर विणकराचं. वडिलांचा हातमाग होता. त्यावर नागपुरी साड्या निघायच्या. माग बंद पडला तेव्हा बाई बारा-तेरा वर्षांच्या होत्या. लग्न झालं होतं, पण नवरा लवकरच गेला होता. एका भाचीबरोबर त्या दोन खोल्यांत राहायच्या. नेहमी पांढरी, बारीक काठाची सुती साडी, तांदळाच्या पेजेची खळ घातलेली, अशी की बाई चालल्या की साडी बोलायची. एवढंच. बाकी सगळी माहिती त्यांना दुसऱ्यांच्या कपड्यांची होती.

आणि ती त्या कोणालाही ऐकवायच्या. दर गुरुवारी त्या कामठीला जायच्या, हातमागवाल्यांकडून उरलेले तुकडे आणायला. एकदा मला बरोबर नेलं. परतीच्या बसमध्ये आमच्या शेजारी छावणीतला एक जवान बसला होता, चांगला सहा फूट उंच, मिशीवाला. बाई पाच मिनिटं त्याच्या कॉलरकडे बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, नको बाई, नको.

"भैया," बाई म्हणाल्या, "ये कॉलर किसने बनाया?"

जवान गोंधळला. "सरकारी है, अम्मा."

"सरकार को बोलो, अंदर का कपडा आडा काटा है. इसलिए टोक उपर होता है. गला काटता है ना?"

त्याने गळ्याला हात लावला. तिथे खरोखरच लाल वळ होता. बाईंनी बटव्यातून सुई काढली, त्याला मान वाकवायला लावली आणि हलत्या बसमध्ये कॉलर आतून उसवून, टोक दुमडून, दहा-बारा टाके घातले. सगळी बस बघत होती. सहा फुटी माणूस लहान पोरासारखा मान खाली घालून बसला होता. उतरताना त्याने बाईंच्या पायाला हात लावला. बाई मला म्हणाल्या, "पाहिलं? ताकद एवढी, अन् कॉलरनं हैरान करून सोडलं होतं बिचाऱ्याले."

आमच्या घरी त्या एकदाच आल्या, माझ्या लग्नाच्या आधी. मला ताप होता आणि मी चार दिवस वर्गाला गेले नव्हते. तापाची चौकशी झाली, ती झटकन आटोपली. मग आईने न राहवून ट्रंकेतून तिचं पांढरं सुती लुगडं काढलं. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी ती हेच नेसून मैदानावर गेली होती. नंतर कधीच नेसली नाही. ती ते कोणाला दाखवायची नाही, पण बाईंना दाखवलं. बाईंनी ते दोन्ही हातांवर घेतलं. चोळलं नाही. कापड चोळल्याशिवाय हातात धरलेलं मी त्यांना त्याच दिवशी पाहिलं.

"गिरणीचं आहे, साधंच," आई म्हणाली, जरा संकोचून.

"साधं आहे म्हणूनच टिकलं," बाई म्हणाल्या. "पण ताई, एक ऐका. याची घडी दर वर्षी बदलत जा. कापड झिजण्यानं फाटत नाही, घडीवर फाटते. अन् खळ लावू नका, झुरळं येतात."

आईने त्यानंतर बाईंना देव्हाऱ्यात बसवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आमच्या घरात देव्हारा नव्हता, म्हणून वाचल्या.

मी वर्गात होते त्या वर्षीचा निळ्या कापडाचा किस्सा आजही सक्करदऱ्यातल्या म्हाताऱ्या बायका सांगतात. जवळच्या एका शाळेच्या मुलींचे गणवेश शिवायचं काम संस्थेला मिळालं. सव्वीस जानेवारीच्या संचलनात नवे गणवेश दिसायला हवेत, अशी अट. जानेवारीच्या सुरुवातीला निळ्या कापडाचे तागे येऊन पडले, एवढे की आम्हाला बसायला जागा उरली नाही. संस्थेचे सेक्रेटरी स्कूटरवरून आले. फार टापटिपीचे गृहस्थ, कडक पांढरा पायजमा, पांढरा शर्ट. म्हणाले, "बाई, सोमवारपासून कात्री चालली पाहिजे."

बाईंनी एक हातभर चौकोन कापला आणि बादलीत टाकला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींसमोर तो मोजला. लांबीला चार बोटं आखडला होता, आणि बादलीतलं पाणी शाईसारखं झालं होतं.

"धुवायला वेळ नाही हो बाई," सेक्रेटरी म्हणाले. "शिवून द्या. धुतील त्यांच्या त्या."

"अन् पहिल्या धुण्यात पोरीयचे झगे गुडघ्याच्या वर गेले म्हणजे?"

"तेव्हाचं तेव्हा पाहू."

"तेव्हा तुम्ही नाही पाहणार. लोकं पोरीयच्या पायाकडे पाहतीन." बाईंनी कात्री खणात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली बटव्यात. "धुतल्याशिवाय कात्री लागणार नाही."

सेक्रेटरी तावातावाने निघून गेले. रविवारी पहाटे बाईंनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. हौद भरले, त्यात मीठ आणि तुरटी घातली आणि तागे उलगडून बुडवायला सुरुवात केली. अठरा मुली, दोन हौद आणि संपतच नाही असं कापड. वाळत घालायला अंगणातल्या दोऱ्या तासाभरात संपल्या. मग कुंपण. मग कडुनिंबाच्या फांद्या. मग बाई पदर खोचून शेजारच्या घरात शिरल्या आणि विचारायची वाट न बघता म्हणाल्या, "तुमची गच्ची लागते." दुपारपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक घराचा कठडा निळा झाला होता. लोकांनी खाटा-बाजा बाहेर काढून दिल्या. समोरासमोरच्या घरांच्या खिडक्यांना दोऱ्या बांधून रस्त्यावरूनही कापड टांगलं होतं. जानेवारीचं ऊन, झुळझुळ वारा, आणि गल्लीभर निळं कापड हलतंय. लहान पोरं त्याखालून पळत होती. माझ्या आयुष्यात मी त्याहून सुंदर काही पाहिलेलं नाही.

कोणीतरी खबर दिली असणार. चारच्या सुमाराला सेक्रेटरींची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथेच थांबली, कारण पुढे जायला वाट नव्हती. ते पायी निघाले. ओल्या कापडाखालून वाकून, बाजूला होऊन, पुन्हा वाकून आमच्यापर्यंत पोचले तेव्हा त्यांचा एक खांदा आणि अर्धी पाठ निळी झाली होती. आम्ही हसू दाबत होतो. बाई मात्र जवळ गेल्या, त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि म्हणाल्या, "टेरिलीन आहे. घाबरू नका, लगेच निघून जाईन. सुती असतं तं गेलं असतं कामातून."

गणवेश पंचवीस तारखेच्या संध्याकाळी पूर्ण झाले. पंधरा दिवस आमचे हात कोपरापर्यंत निळे होते. मला बघायला पाहुणे येणार होते, त्यांना आईने "सध्या नको" म्हणून कळवलं. सेक्रेटरींनी बाईंवर ठपका ठेवला, वर्षभर त्यांच्याकडून कात्रीच्या खणाची किल्ली आणि कापायचं काम काढून घेतलं आणि फक्त काज-बटण शिकवायला सांगितलं. बाईंनी हू की चू केलं नाही. वर्षभर काज शिकवले. त्या वर्षीच्या मुलींसारखे काज नंतर मी कुठेच पाहिले नाहीत. पुढच्या वर्षी शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः आल्या आणि म्हणाल्या, गणवेश धुऊन धुऊन मऊ झाले, पण इंचभर आखडले नाहीत, या वर्षीही त्याच बाईंनी कापावेत. सेक्रेटरींनी कात्रीची किल्ली परत दिली. बाईंनी ती घेतली आणि म्हणाल्या, "तुमच्या शर्टाचा डाग गेला ना?"

माझं लग्न ठरलं ते आणखी तीन-चार वर्षांनी. तोपर्यंत मी त्याच वर्गात बाईंच्या हाताखाली शिकवू लागले होते. मुलगा कळमेश्वरला, नव्याने झालेल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला होता. वडील लहानपणीच वारलेले. आई तिथल्याच दवाखान्यात आया. माणसं साधी, सरळ. मला मुलगा आवडला होता. पण माझ्या आत्याला हे स्थळ पसंत नव्हतं. तिला मला तिच्या दिराच्या मुलाला द्यायचं होतं, आणि बाबांनी ते ऐकलं नव्हतं. ती लग्नाला आली ती मनात हे घेऊनच.

लग्न संध्याकाळी होतं. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते, आणि ती साडी मुलाकडून येते. दुपारी बायकांच्या खोलीत माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी पिशवीतून साडी काढली आणि सगळ्यांच्या मधोमध उलगडली. पांढरी, चंदेरी काठाची, चकचकीत.

"रेशीम आहे, शुद्ध," त्या म्हणाल्या. आवाजात अभिमान होता आणि किंचित थरथरही. "पोरगा पाळण्यात होता तेव्हाच मी मनाशी बोलली होती, सुनेले नेसवीन तं रेशीमच नेसवीन."

मी चार हातांवर बसले होते, तिथूनच मला कळलं. रेशमाची चमक आतून येते. ही वरून पडलेली होती, काचेवर पडावी तशी. घडीची रेघही मोडत नव्हती, कापड नुसतं चुरगळत होतं. रेयॉन होतं. बाजारात त्याला आर्ट सिल्क म्हणायचे. खरं सांगते, मला साडीचं काही वाटलं नाही. सासूबाईंचा चेहरा कसा होईल, याची मला भीती वाटली.

आत्याने पदराचं टोक उचललं. "रेशीम म्हणता हो, विहीणबाई? हाताले तं रेशमासारखं लागून नाही राहिलं."

"दुकानदारानं शुद्ध म्हणून सांगितलं," सासूबाई म्हणाल्या.

"दुकानदार तं सांगतेच. त्याचं काय जाते?" आत्याने खोलीभर नजर फिरवली. "आमच्या पोरीच्या बाई आल्याच आहेत ना. त्या काडी लावून सांगतात म्हणे असली का नकली ते. पाहू द्या त्यायले. शंका काहून ठेवायची?"

खिडकीतून बाहेरच्या मंडपातले पुरुषांचे आवाज येत होते. आता जे निघेल ते आत्या पाच मिनिटांत तिथे पोचवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न मोडलं असतं असं मी म्हणत नाही. बाबा तसे नव्हते. पण सासूबाई आमच्या नात्यागोत्यात जन्मभर "नकली साडीवाली" राहिल्या असत्या, आणि मी त्या नावाच्या घरात नांदले असते. फिनेलने चिरा पडलेली सासूबाईंची बोटं स्वतःच्या पदराचं टोक पिळत होती.

बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या दिवशी त्या त्यांची एकुलती एक रेशमी साडी नेसून आल्या होत्या. पांढरं रेशीम, बारीक काठ. त्यांच्या वडिलांच्या मागावरून उतरलेली शेवटची. वर्गातल्या मुलीचं लग्न असलं तरच ती बाहेर यायची. पस्तीस-चाळीस वर्षांची जुनी, पण एक टाका निघाला नव्हता, एक धागा सरकला नव्हता.

"आणा इकडे," बाई म्हणाल्या.

साडी त्यांच्या मांडीवर ठेवली गेली. त्यांचा अंगठा आणि तर्जनी एकदा चोळली गेली. एकदाच. मला माहीत होतं, त्यांना दुसऱ्यांदा चोळायची गरज नव्हती. चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. त्यांनी बटवा सोडला, सुई काढली आणि खाली वाकल्या. वाकताना त्यांचा पदर खांद्यावरून घसरून मांडीवरच्या साडीवर पडला, पांढऱ्यावर पांढरा. त्यांनी तो सावरला नाही. बोटं त्या दोन पांढऱ्यांच्या मध्ये गेली, जराशी हलली, आणि सुईच्या टोकावर एक बोटभर धागा घेऊन वर आली.

मी त्यांच्या डाव्या हाताला होते. मी पाहिलं.

काडी ओढली. धागा पेटला, आक्रसला आणि आपोआप विझला. खोलीत केस जळल्याचा वास पसरला. बाईंनी आत्याला जवळ बोलावलं. "घ्या वास." आत्याने वास घेतला. मग बाईंनी ती काळी राख तळहातावर ठेवून बोटाने चुरली. तिची भुकटी झाली. हात सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

"अस्सल रेशीम," बाई म्हणाल्या.

आईने चहा आणायला सांगितला. आत्या तळहाताकडे बघतच म्हणाली, "असंन बाप्पा. मले काय समजते त्यातलं." सासूबाई उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, आनंदाने गेल्या.

साडी मला बाईंनीच नेसवली. खोलीत आम्ही दोघीच उरलो तेव्हा मी म्हटलं, "बाई, तुम्ही कपड्याबद्दल खोटं बोलल्या."

त्या तोंडात पिना धरून निऱ्या घालत होत्या. एकेक निरी बोटभर, सारखी. पिना काढून म्हणाल्या, "काय खोटं बोलली मी? धागा जाळला, अन् अस्सल म्हटलं. धागा अस्सलच होता." मग त्या माझ्याभोवती फिरून मागे गेल्या, पदराची चुण मोजली. "ताठ उभी राह्य, रुबिया. हे कापड सरकते, पिना जास्त लागतीन."

त्यांच्या पदरावर, काठापासून चार बोटं आत, एक बारीक रेघ पडली होती. जिथे धागा होता तिथे आता उजेड दिसत होता. संध्याकाळी त्रिशरण-पंचशील चाललं असताना मी समोर बघायचं सोडून पुन्हापुन्हा त्या रेघेकडे बघत होते. त्यांनी ती झाकायला पदर दुसऱ्या बाजूला वळवून घेतला होता.

मी हे कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. सासूबाई मला आवडू लागल्या, मी त्यांना. कळमेश्वरला घराच्या पुढच्या खोलीत मी दोन मशिनी घातल्या आणि शिवणवर्ग सुरू केला. पहिला महिना मशीनला हात लावू देत नाही म्हणून तीन मुली सोडून गेल्या. बाईंना भेटायला मी वर्षातून दोन-तीनदा जायचे. त्या साडीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील. एका सकाळी बाईंच्या भाचीचा निरोप आला, की बाई आदल्या दुपारी गेल्या. जेवून जरा आडव्या झाल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. मी चुलीपाशी बसून रडत होते. सासूबाई दवाखान्यात निघाल्या होत्या. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

"एक सांगू का वं तुले?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी त्यायनं सोताच्या पदराचा धागा जाळला होता."

मी रडायची थांबले.

"मी समोरच बसली होती ना. वाकल्या तेव्हाच दिसलं. अन् साडी रेशीम नाही, हे तं मले दुकानातच ठाऊक होतं. रेशीम काढा म्हटलं, त्यानं काढलं, मी पाहून ठेवून देल्लं. मंग म्हटलं, दिसाले तसंच असंन ते दाखवा." त्यांनी नाक पुसलं. "पोरगा पाळण्यात होता तेव्हा बोललेलं खोटं कसं पाडू, सांग."

"मग तुम्ही कधी..."

"पुढच्याच महिन्यात गेली मी त्यायच्या घरी. तुले सांगितलं, मावशीकडे जाऊन राहिली म्हणून. इतवारीतून एक रेशमाची लडी घेतली, पांढरी. अस्सल. ती तेवढी जमली. त्यायच्यापुढे ठेवली, अन् मले काही बोलताच येईना. त्यायनं लडी हातात घेतली, चोळली, अन् म्हटलं, 'हं. बसा.' आतून साडी आणली. सुईनं एक एक धागा वर, एक खाली, असा तो धागा परत भरला. सारी दुपार गेली. माझी सून कशी, काय, एक शब्द नाही. विचारत राहिल्या, दवाखान्यात चादरी कोण्या कापडाच्या असतात, उकळतात का, रक्ताचे डाग कशानं काढता. मी आपली सांगत राहिली. निघताना मी पदर हातात घेऊन पाहिला. म्हटलं, बाई, जुन्यात हा नवा धागा वेगळा दिसून राहिला हो."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, दिसू द्या की. तो तुमचा आहे."

चुलीवरचं दूध उतू गेलं, ते कोणीच बघितलं नाही. मग सासूबाई उठल्या, माझ्या पोराला शेजारणीकडे देऊन आल्या, दवाखान्यात रजेचा निरोप धाडला आणि माझी चप्पल माझ्यासमोर आणून ठेवली.

"उठ," त्या म्हणाल्या. "नागपूरची बस निघून जाईन."